टायरवर लिहिलेलं वाचा

मला बोलायला बोलावलं की लोकांना वाटतं, हे आता गझलेवर बोलतील, नाहीतर धानाच्या बांध्यांवर दोन ओळी ऐकवतील. आज तसं काही नाही. आज मी सायकलच्या टायरवर बोलणार आहे. कवी माणसाचा टायरशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध कसा आला, ते आधी सांगतो.

माझं गाव गोरेगाव, गोंदिया जिल्ह्यातलं. आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. धानाचा, तलावांचा आणि तेंदूपत्त्याचा हा मुलूख. मी एका राईस मिलमध्ये हिशेब लिहितो. धाकटी मुलगी गोंदियाच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे. गोरेगाव ते गोंदिया हे अंतर सुमारे पंधरा किलोमीटर. बस आहे, पण तिची वेळ आणि कॉलेजची वेळ यांचं फारसं जमत नाही. पुण्याला असलेल्या माझ्या चुलतभावानं त्याची जुनी सायकल तिला दिली. वाकड्या हँडलची, पातळ टायरांची, शर्यतीच्या सायकलीसारखी दिसणारी. आमच्याकडे अशा सायकलीला 'रेसर' म्हणतात. पोरगी खूष झाली. पाऊण तासात कॉलेज गाठू लागली. संध्याकाळी लायब्ररीत थांबून, उजेड असेपर्यंत घरी येऊ लागली.

सायकलीचे टायर तेवढे जुने होते. चार वर्षं गॅलरीत उन्हात उभी असलेली सायकल. रबराला बारीक भेगा पडलेल्या. मी बघितलं आणि म्हटलं, "चालेल अजून एक वर्ष." हिशेबनीस माणूस. खर्च पुढे ढकलणं हा आमचा स्वभाव.

जानेवारीत तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती. अर्ध्या वाटेवर मागचं चाक बसलं. जवळच्या गावी मिस्त्रीनं पंक्चर काढून दिलं. दोन किलोमीटरवर पुन्हा बसलं. तिथून ती सायकल हातात धरून चालत गेली. पोचली तेव्हा तिची बॅच संपली होती. त्या दिवसाचे गुण गेले ते गेले. पण मला जास्त लागलं ते त्या संध्याकाळचं बोलणं. घरातल्या मोठ्यांनी लगेच निकाल दिला, "पोरीला एवढ्या लांब सायकलवर पाठवायचंच कशाला?" आणि ती मला म्हणाली, "अब्बा, उद्यापासून बसनंच जाते. लायब्ररीचं बघू नंतर."

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक सायकलीची नव्हती, पोरीची तर नव्हतीच. चूक माझ्या "चालेल" या शब्दाची होती.

दुसऱ्या दिवशी टायर आणायला निघालो. जुन्या टायरवर '७०० × २५' असं लिहिलं होतं. कोणीतरी मला सांगितलं होतं की याहून जरा रुंद, २८ चा घाला. मी दुकानात जाऊन म्हटलं, "२८ चा टायर द्या." दुकानदारानं दिला. घरी आणून बसवला, तर तो हातानंच बसला, पाना लावावाही लागला नाही. मला वाटलं, आपलं काम झालं. हवा भरायला लागलो तर टायर रिंगवरून एका बाजूनं सरकला, ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली आणि फट्‌कन फुटली. आमचे मिस्त्री शेजारीच राहतात. आवाज ऐकून आले, टायर हातात घेतला आणि हसले. म्हणाले, "कविराज, हा त मोठ्या सायकलचा टायर होय जी! तुमचा २८ वेगळा, याचा २८ वेगळा."

दोष दुकानदाराचा नाही. मी मागितलं तेच त्यानं दिलं. सायकलच्या धंद्यात '२८' या आकड्याचे दोन अर्थ आहेत. आपल्या नेहमीच्या काळ्या, दांडीच्या सायकलचा टायर २८ × १½ असतो. तिथे २८ म्हणजे चाकाची बाहेरची उंची, इंचांत. आणि ७०० × २८ मध्ये २८ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. कवितेत श्लेष शोभतो. टायरच्या दुकानात तो महाग पडतो.

मग मिस्त्रींनी मला टायर वाचायला शिकवलं. प्रत्येक चांगल्या टायरच्या कडेला आणखी एक आकडा उमटवलेला असतो, आपण तो कधी बघत नाही. काळ्या सायकलच्या टायरवर ४०-६३५, आणि रेसरच्या टायरवर २५-६२२ किंवा २८-६२२. पहिला आकडा रुंदीचा. दुसरा आकडा म्हणजे टायरची कड रिंगवर जिथे बसते तिथला व्यास. दोन्ही मिलिमीटरमध्ये. ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे आणि हिच्यात दोन अर्थ नाहीत. ६३५ आणि ६२२ यांत फरक फक्त तेरा मिलिमीटरचा, पण तेवढ्यात माझी ट्यूब फुटली. म्हणून पहिला नियम हा : दुकानात जाताना इंच सांगू नका. जुन्या टायरवरचा हा जोडआकडा कागदावर लिहून न्या. दुसरा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. पहिला थोडा बदलला तर चालतो.

किती बदलला तर चालतो? हा दुसरा प्रश्न. पातळ टायर वेगाला बरा, असं आपल्याला वाटतं. गुळगुळीत रस्त्यावर त्यात काही अंशी तथ्य असेल. पण आपल्या रस्त्यांवर डांबर संपून मुरूम कधी सुरू होतो, ते कळत नाही. टायर जितका रुंद तितकी त्यात हवा जास्त मावते, आणि तेवढंच वजन कमी दाबानं पेलता येतं. कमी दाबाचा टायर खड्ड्यावर दबतो, उसळत नाही. पातळ टायरात हवा थोडी कमी झाली की खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिंग आणि दगड यांच्यात चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. अशा दोन खुणा दिसल्या तर काटा शोधत बसू नका. तिथे गुन्हेगार काटा नसतो, कमी हवा असते.

मात्र रुंदीला सायकलीची मर्यादा असते. टायर आणि ब्रेक यांच्यामध्ये, तसंच टायर आणि मागच्या दांड्यांमध्ये, तीन-चार मिलिमीटर तरी मोकळी जागा राहिली पाहिजे. नाहीतर ओली माती अडकून चाक जाम होतं. आमच्या सायकलीत २८ बसत होता, ३२ घासत होता. म्हणून २८-६२२ ठरला. ज्यांच्या सायकलीत ३२ किंवा ३५ सुखानं बसतो, त्यांनी आमच्या भागात तो जरूर घ्यावा.

आता टायरच्या पोटात काय असतं ते बघू. इतिहास थोडक्यात सांगतो. हवेच्या टायरचं पहिलं पेटंट १८४५ सालचं, रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाचं. पण ती कल्पना तेव्हा विसरली गेली. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले आणि तिथून जग हवेवर चालू लागलं. तोवर सायकली भरीव रबरावर हाडं खिळखिळी करत चालत. भारतात डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमध्ये साहागंजला निघाला. आज तो बंद आहे. आपल्या गावच्या दुकानांत बहुतेक टायर लुधियानाचे दिसतात.

टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. कडेला पोलादी तारेचं कडं असतं, ते टायरला रिंगवर धरून ठेवतं. त्या कड्यांवर नायलॉनच्या धाग्यांचं कापड ताणलेलं असतं, तो टायरचा सांगाडा. त्यावर रबराचा थर. महागड्या टायरांत तारेऐवजी अरामिड नावाच्या चिवट धाग्याचं कडं असतं. त्यामुळे टायरची घडी घालता येते आणि वजन कमी होतं. पण टिकाऊपणा त्यानं वाढत नाही. म्हणून तिथे पैसे घालण्याची आपल्याला गरज नाही.

पैसे घालायचे ते एका पट्ट्यासाठी. टिकाऊ म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांत, वरचं रबर आणि आतलं कापड यांच्यामध्ये, आणखी एक थर असतो. काहींत तो चिवट धाग्यांच्या विणीचा असतो. गोळी अडवणाऱ्या जाकिटात वापरतात त्याच जातीचे धागे. काहींत तो लवचीक रबराचा जाड पट्टा असतो. काटा त्यात रुततो, पण ट्यूबपर्यंत पोचत नाही. परदेशी टायरांत श्वाल्बेचा मॅरेथॉन आणि काँटिनेंटलचा गेटरस्किन ही नावं लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांच्या तोंडी असतात. पण नावापेक्षा तो पट्टा आहे की नाही, ते विचारा. आणि टायरची कडेची भिंत कितपत जाड आहे, ते बोटांनी दाबून बघा. आमच्याकडे रस्त्याच्या काठचे दगड टायरला कडेनंच कापतात, आणि पट्टा बहुधा फक्त मधोमध असतो.

याची किंमतही मोजावी लागते, ती लपवत नाही. असा टायर वजनाला जड असतो आणि जरा कडक चालतो. शर्यत जिंकायची असेल तर तो घेऊ नये. कॉलेज गाठायचं असेल तर घ्यावा.

टायरवरच्या नक्षीबद्दल एक गैरसमज आहे. मोटारीच्या टायरवर खोल खाचा असतात, त्या पाणी बाहेर काढायला. सायकलचा टायर इतका अरुंद असतो आणि त्यातला दाब इतका जास्त असतो की तो पाणी आपोआप बाजूला सारतो. डांबरी रस्त्यावर जवळजवळ गुळगुळीत टायरच चांगला धरतो. मोठमोठ्या गाठींचा टायर मातीत उपयोगी, डांबरावर तो नुसता गुरगुरतो आणि लवकर झिजतो. डांबर आणि मुरूम दोन्ही असेल तर मध्ये गुळगुळीत आणि कडांना बारीक नक्षी, एवढं पुरे.

आमच्या रस्त्यावर पंक्चर कशानं होतं, याची मी एका वहीत नोंद ठेवली. बाभळीचा काटा तर आहेच. कुंपणं नव्यानं घालतात तेव्हा रस्त्यावर काटे सांडतात. बैलांच्या नालांचे खिळे आता कमी झाले. पण एक नवा शत्रू आला आहे. गोरेगावहून खाली कोहमाऱ्याला गेलं की मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग लागतो. त्याच्यामुळे आणि राईस मिलांमुळे ट्रक पुष्कळ. ट्रकचा टायर फुटला की त्याच्या पोटातल्या केसासारख्या पोलादी तारा रस्त्यावर पसरतात. ही तार डोळ्यांना दिसत नाही. ती टायरमध्ये शिरून बसते आणि पंक्चर काढलं तरी पुन्हा टोचते. जानेवारीत पोरीचं चाक दुसऱ्यांदा बसलं, ते अशाच एका तारेमुळे. ती मिस्त्रींनी नंतर काढून माझ्या तळहातावर ठेवली. नखाएवढीही नव्हती.

म्हणून पंक्चर काढताना ट्यूबला ठिगळ लावून थांबू नका. टायरच्या आतून कापडाचा बोळा गोल फिरवा. तो जिथे अडकेल तिथे काटा किंवा तार आहे. उघड्या बोटानं चाचपडू नका, बोट कापतं. आणि टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर आणा. मग ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहिलं की टायरमध्ये नेमकं कुठे शोधायचं ते कळतं. रिंगवरची पट्टी सरकली असेल तर स्पोकचं टोकही ट्यूबला आतून भोक पाडतं. भोक रिंगच्या बाजूला असेल तर टायरला दोष देऊ नका.

आता हवा. टायरवर पौंडांत दाब छापलेला असतो. तो बहुधा कमाल असतो, तेवढा भरायलाच हवा असं नाही. माझी मुलगी अंगानं हलकी. तिच्या २८ च्या टायरात आम्ही पुढे साठ-पासष्ट आणि मागे सत्तरच्या आसपास पौंड ठेवतो. जड माणसानं जास्त ठेवावा, रुंद टायरात कमी. अंगठ्यानं दाबून अंदाज घेण्याची आपली सवय पातळ टायरात फसवते. पन्नास आणि सत्तर पौंड अंगठ्याला सारखेच कडक लागतात. घड्याळ असलेला पंप घरी ठेवावा आणि आठवड्यातून एकदा तरी बघावं. अशा सायकलींना बहुधा बारीक, वर स्क्रू असलेला व्हॉल्व्ह असतो, त्याला प्रेस्टा म्हणतात. पेट्रोल पंपावरची नळी त्याला बसत नाही. त्यासाठी एक लहानशी पितळी टोपी मिळते. ती सायकलीच्या पिशवीत असू द्यावी.

हल्ली ट्यूबलेस टायर आणि त्यात घालायचं चिकट औषधही मिळतं. बारीक भोक ते आपोआप बुजवतं, हे खरं. पण आपल्या उन्हात ते वाळतं, काही महिन्यांनी पुन्हा घालावं लागतं, आणि त्याला खास रिंग लागते. मला विचाराल तर खेड्यापाड्यातल्या माणसानं ट्यूबवरच राहावं. माझे वडील तेंदूपत्त्याच्या फळीवर मुनशी होते. मे महिन्याच्या उन्हात, जंगलातल्या वाटांवर, काळ्या सायकलवर फिरायचे. त्यांच्या पिशवीत सोल्यूशनची नळी, जुन्या ट्यूबचा तुकडा आणि पॉलिश पेपर कायम असायचा. ते म्हणायचे, जे झाडाखाली बसून दुरुस्त होतं तेच आपलं. टायर टिकाऊ आहे की नाही हे ठरवताना मी आता हाही प्रश्न विचारतो, की वाटेवरच्या मिस्त्रीला तो उघडता येतो का?

ज्यांच्याकडे काळी सायकल आहे, त्यांनी निराश होऊ नये. तिचा टायर चाळीस मिलिमीटर रुंद, म्हणजे मुळातच आमच्या रस्त्यासाठी योग्य. तिला महागडा टायर नको, वेळेवर हवा हवी. काही जण टायरच्या आत जुन्या ट्यूबची पट्टी कापून घालतात. काट्यांपासून तिचा उपयोग होतो, फक्त पट्टीच्या कडा तासून घ्याव्यात, नाहीतर त्या कडाच ट्यूबला घासतात. कापलेल्या टायरला आतून गेटर लावणं हे घरी पोचण्यापुरतं. त्यावर वर्ष काढू नये.

टायर बदलायचा कधी? मधला भाग सपाट झाला, कापड दिसू लागलं, कडेला फुगवटा आला किंवा रबर भेगाळलं, तर त्याच दिवशी. मागचा टायर लवकर झिजतो, कारण वजन आणि जोर दोन्ही त्याच्यावर. तो गेला की पुढचा मागे घालावा आणि नवा पुढे. पुढचा टायर अचानक गेला तर माणूस तोंडावर पडतो, म्हणून चांगला टायर नेहमी पुढे. आणि सायकल सावलीत ठेवावी. रबराला ऊन खातं, न वापरता सुद्धा.

शेवटी हिशेब, कारण मी हिशेबनीस आहे. पट्ट्याचा टायर नागपूरहून मागवला. साध्या टायरच्या जवळजवळ चौपट पैसे पडले. साधा टायर आमच्या रस्त्यावर अडीच हजार किलोमीटर चालला असता. हा मागे सात हजारांवर चालला. म्हणजे गणित सरळ मांडलं तर किलोमीटरमागे महागडा टायर थोडा महागच पडला. हे मी मिलच्या वहीच्या मागच्या पानावर दोनदा मांडून पाहिलं. ट्यूबा आणि पंक्चरचे पैसे धरले तर दोन्ही बाजू जेमतेम सारख्या होतात. ज्याला रोज गावातल्या गावात फिरायचं आहे आणि कोपऱ्यावर मिस्त्री आहे, त्यानं साधाच टायर घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पण जिला पंधरा किलोमीटर एकटीनं जायचं आहे, तिच्या वहीत आणखी एक रकाना असतो. वेळेवर पोचण्याचा. तो मी जानेवारीत कोराच ठेवला होता.

नवे टायर बसवले, पण मी तिला "आता सायकलनंच जा" असं म्हटलं नाही. फक्त मिस्त्रींकडे तिला दोन संध्याकाळी बसवलं. तिनं चार वेळा टायर उतरवला, चढवला. आठ दिवस ती बसनंच गेली. नवव्या दिवशी सकाळी सायकल दारात नव्हती.

पंक्चर आता होतच नाही, असं नाही. मागच्या पावसाळ्यात एकदा झालं. पाण्यानं काच जास्त सहज कापते, हे तेव्हा कळलं. माझा जीव वरखाली झाला. तेवढ्यात तिचा फोन आला, "अब्बा, पोचले. पानठेल्याच्या छपराखाली काढलं पंक्चर. वीस मिनिटं लागली. हात काळे झालेत फक्त." घरातल्या मोठ्यांना मी हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी तिला यायला उशीर झाला, तेव्हा त्यांनीच दारातला दिवा लावला.

श्रोतेहो, आज घरी गेलात की सायकल जरा उजेडात घ्या आणि टायरच्या कडेला काय लिहिलं आहे ते वाचा. भेगा दिसल्या तर "चालेल" म्हणू नका.